कुंकू लागलेली फ्लॉपी

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना मी साळसूदपणाचा आव आणतेय असं कुणाला वाटायला नको. हेवा म्हणजे अधूनमधून थोडं खट्टू होणं नव्हे. ती खोलीत आली की माझं डोकं दुखायला लागायचं आणि ती रजेवर असली की मला जेवण जास्त जायचं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी निपाणीच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. घर बेळगावात. सोमवारी सकाळच्या लाल बसनं काकतीवरून यायचं, आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी दुपारी परत. खोलीच्या मागंच तंबाखूची वखार होती. पहिलं वर्ष मी नुसती शिंकत काढलं. ती धूळ पुस्तकांवर, अंथरुणावर, झाकण राहिलं तर चहातसुद्धा. वडील वकील, आजोबा शिक्षक, आणि मी एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेली. निपाणीत माझ्याइतकं डोकं कुणाला नाही अशी माझी पक्की समजूत होती, आणि दोन वर्षं त्या समजुतीला कुणी हात लावला नव्हता.

मग कॉलेजला कॉम्प्युटर आला. एक माजी विद्यार्थी विलायतेत डॉक्टर होता. त्यानं आपल्या मुलांचा जुना घरगुती कॉम्प्युटर पाठवून दिला. जाडजूड कीबोर्ड, त्यातच सगळं यंत्र, आणि पडदा म्हणून टीव्ही जोडायचा. सोबत बुटांच्या खोक्याहून थोडा मोठा असा डिस्क ड्राइव्ह आणि चार फ्लॉप्या. नव्या पिढीनं फ्लॉपी पाहिलेली नसते म्हणून सांगते: चौकोनी काळ्या पाकिटात पातळ, तपकिरी, प्लॅस्टिकचा गोल पत्रा. पाकिटाला एक लांबट खिडकी असते आणि तिच्यातून ड्राइव्हचं वाचायचं डोकं त्या पत्र्याला टेकतं. वापरून झाली की फ्लॉपी कागदी खोळीत घालायची, म्हणजे खिडकी झाकली जाते.

बॉटनीची अडगळीची खोली रिकामी करून प्राचार्यांनी हे सगळं तिथं मांडलं आणि मला सांगितलं, "मॅडम, आता हे तुम्ही बघायचं." मग जाता जाता म्हणाले, "आणि फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर मदतीला घ्या."

ती म्हणजे ही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, निपाणीचीच. आई वखारीत तंबाखू निवडायला जायची. नोकरी तात्पुरती, दर जूनला नवी ऑर्डर निघायची. बौद्ध समाजातली. हे शेवटचं मी इथं का लिहिलं, असं कुणी विचारेल. माझ्या हेव्यात ते होतं म्हणून लिहिलं. आमच्यासारख्या घरातल्या मुलीपेक्षा वखारीतल्या बाईच्या मुलीला जास्त यावं, हे मला सोसत नव्हतं. तेव्हा मी हे स्वतःशीही कबूल केलं नसतं.

पहिल्याच आठवड्यात ड्राइव्ह अडला. नुसता खडखडायचा. मी पुस्तिका उघडून बसले. तिनं ड्राइव्हला कान लावला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मी "अगं अगं" म्हणेपर्यंत झाकण काढून बाजूला ठेवलं. आत तंबाखूची धूळ. तिनं पेंटिंगच्या ब्रशनं ती झाडली, स्पिरिटच्या कापसानं डोकं पुसलं, दोन सरकपट्ट्यांना तेलाचा थेंब लावला आणि ड्राइव्ह चालू.

"ह्यालाबी निपाणी लागली, मॅडम," ती हसून म्हणाली.

कॉलेजचा वयस्क शिपाई, ज्याला सगळे आप्पा म्हणायचे, तो दारात उभा राहून बघत होता. "पोरीचा हात लई गुणी हाय बघा," तो म्हणाला. मला त्यानं दोन वर्षांत कशाबद्दलही गुणी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. ती आवाजावरून सांगायची, डोकं आता फ्लॉपीच्या बाहेरच्या ट्रॅकवर, म्हणजे कडेच्या वर्तुळावर गेलं, आता आतल्या. मला सगळं पुस्तकातून कळायचं आणि तिला वस्तूतून. मी कितीही पानं वाचली तरी ड्राइव्ह माझ्याशी बोलत नव्हता.

तिला एक नाद लागला होता. त्या ड्राइव्हच्या पोटात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर होता. डोक्याखालून जे जाईल ते तो आधी तपासायचा, आणि एका अक्षराचा जरी घोळ दिसला तरी तो तुकडा दाबून ठेवून नुसता एरर म्हणायचा. ती म्हणायची, हा खिडकीतल्या कारकुनासारखा आहे. एक सही नसली की सगळा अर्ज परत. कागद मागच्या कपाटात असतो, पण तो देत नाही. तिला कपाटापर्यंत जायचं होतं. ड्राइव्हमधल्या एका चिपच्या मोकळ्या पायांना आठ तारा आणि वर दोन-तीन इशाऱ्याच्या तारा सोल्डर करायच्या, त्या मागून बाहेर काढून कॉम्प्युटरला थेट जोडायच्या आणि ड्राइव्हमध्ये छोटासा प्रोग्रॅम घालून डोक्याखालचा प्रत्येक बाइट आहे तसा, बरा-वाईट न बघता, कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा. तिनं वहीत नकाशा काढला होता. असा सुबक नकाशा मी भूमितीच्या प्राध्यापकाचाही पाहिला नव्हता.

ती परवानगी मागायला प्राचार्यांकडं गेली. ते म्हणाले, मॅडमना विचार. मी म्हणाले, "देणगीची वस्तू आहे. बिघडली तर जबाबदार कोण?"

"बरं," ती म्हणाली आणि वही मिटली. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

माझ्याकडं दाखवण्यासारखं एकच होतं: माझा टाइमटेबलचा प्रोग्रॅम. सगळ्या कॉलेजचं वेळापत्रक कॉम्प्युटरनं लावायचं. शिक्षक, वर्ग, खोल्या भरायच्या आणि कुणीही एकाच वेळी दोन ठिकाणी असता कामा नये. सात-आठ महिने मी त्यावर डोकं फोडत होते. प्रोग्रॅम चालायचा, पण शेवटी शनिवारच्या तासांपाशी यायचा आणि अडायचा. दोघं-तिघं एकमेकांत अडकलेले राहायचेच. ते मी हातानं सोडवायचे आणि कुणाला सांगायचे नाही.

दिवाळीच्या आधी विद्यापीठाची समिती येणार होती. त्यांना काम पसंत पडलं तर कॉलेजला कॉम्प्युटर केंद्र मिळणार होतं आणि केंद्राला एक कायमची जागा. ती मला हवी होती. तिलाही हवी असणार. तात्पुरत्या ऑर्डरवर किती दिवस काढणार? प्रोग्रॅम माझा होता, तेवढी एकच गोष्ट माझ्या बाजूला होती. म्हणून मी त्याला कुणाचं बोट लागू देत नव्हते.

ती दोनदा म्हणाली होती, "मॅडम, एक कॉपी काढून ठिवूया का? फ्लॉपीचा काय भरवसा न्हाय."

मी दोन्ही वेळा नको म्हणाले. कॉपी काढली तर ती वाचेल आणि शनिवारचं सगळं तिला कळेल, ही भीती. सगळा प्रोग्रॅम एकाच फ्लॉपीवर होता आणि ती फ्लॉपी माझ्या पर्समध्ये असायची.

दसरा आला. ती आईबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली, चार दिवसांची रजा टाकून. खंडेनवमीला कॉलेजात सगळीकडं हत्यारांची पूजा. लॅबमधले तराजू, ऑफिसातली टाइपरायटरं, आप्पाचं कुदळ-फावडं, सगळ्यांना झेंडू आणि हळदकुंकू. मी कॉम्प्युटरच्या खोलीतली पूजा स्वतःच्या हातानं केली. ती असती तर नम्रपणे दाराबाहेर थांबली असती आणि बाहेरूनच म्हणाली असती, मॅडम, तिथं नको. ती नव्हती. खोली माझी एकटीची होती आणि ते सगळ्यांना दिसावं असं मला वाटत होतं.

कीबोर्डला कुंकू लावलं, टीव्हीला लावलं, ड्राइव्हच्या कपाळाला लावलं. मग पर्समधून माझी फ्लॉपी काढली. माझं खरं हत्यार तर तेच. खोळीवर काय लावायचं, म्हणून ती खोळीतून बाहेर काढून पाटावर ठेवली. बोट पाण्यात बुडवून हळद लावली, वर ओलं कुंकू. तपकिरी पत्रा चमकत होता तिथंच, खिडकीत, बरोबर मधोमध. गणितात पहिला वर्ग मिळालेल्या बाईनं हे केलं. आप्पानं नारळ फोडला, चिरमुरे वाटले.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली. खर्र असा आवाज आला, पाटीवर खडा ओढल्यासारखा. एरर. काढून परत घातली. परत खर्र. तिसऱ्यांदा घातल्यावर माझ्या ध्यानात आलं, काय ओढलं जातंय. कुंकू वाळून कडक झालं होतं आणि डोकं त्यावर घासत होतं. समिती यायला आठ दिवस होते.

दोन दिवस मी कुणाला बोलले नाही. ती नागपूरहून आली ती बर्फीचा पुडा घेऊनच. ड्राइव्हचं तोंड लाल दिसल्यावर तिनं पुडा खाली ठेवला.

"फ्लॉपी कुठली होती?"

"माझी."

"टाइमटेबल?"

मी मान हलवली. आता ती म्हणणार, मी सांगितलं होतं. मी त्यासाठी तयार होऊन बसले होते. उलट काय फेकायचं तेही ठरवलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, आता तारा लावू का?"

एवढंच. परवानगी मागितली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्याच वेळी तिचे पाय धरावेत असंही वाटलं. मी "लाव" म्हणाले.

त्या आठवड्यात मी बेळगावला गेले नाही. रविवारी आप्पानं कॉलेज उघडून दिलं. तिनं आधी फ्लॉपीचं काळं पाकीट कडेनं ब्लेडनं कापलं आणि आतला गोल पत्रा दोन बोटांनी कडेला धरून बाहेर काढला. पितळीत पाणी, त्यात साबणाचा थेंब. ती पत्रा बोटाच्या पेरानं इतका हळू धूत होती की मला बघवेना. पाणी गुलाबी झालं. वाळवून उजेडात धरला तेव्हा तपकिरी पत्र्यावर एक बारीक चकाकतं वर्तुळ दिसलं. डोकं घासून तिथला थर उडाला होता.

"हे गेलं," ती म्हणाली. "बाकीचं हाय."

मग नव्या फ्लॉपीचं पाकीट कापून त्यात हा पत्रा बसवला. त्यानंतर ड्राइव्ह उघडून डोक्यावरचं कुंकू पुसलं. टेलिफोनच्या जाड केबलमधल्या रंगीत तारा तिनं कुठूनशा आणल्या होत्या. चिपचे पाय तांदळाच्या दाण्याएवढे, आणि एकेका पायाला तिनं तार टेकवून सोल्डरचा डाग दिला. राळेचा धूर तिच्या डोळ्यांत जात होता, पण हात हलत नव्हता. मी शेजारी वही धरून बसले होते: निळी कुठं, पिवळी कुठं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची मदतनीस झाले होते. आणि खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात येत होतं, हिचा एखादा तरी डाग चुकावा.

एकही चुकला नाही. दुपारी चारच्या सुमारास पडद्यावर कचरा ओतावा तशी अक्षरं आली. चिन्हं, चौकोन, काहीबाही. आणि मधेच इंग्रजी अक्षरांत माझंच एक वाक्य: शनिवार बघायचा राहिलाय. मी प्रोग्रॅममध्ये स्वतःसाठी लिहून ठेवलेली टीप. मला रडू फुटलं. ती उठून खिडकीशी गेली आणि आप्पाला चहा सांगितला.

पुढचे दोन दिवस ती तुकडे जुळवत होती. तीन तुकडे अजिबात मिळाले नाहीत, त्या चकाकत्या वर्तुळातले. मी म्हणाले, तेवढ्या ओळी मी लिहीन. पण कुठल्या ओळी होत्या हेच मला नीट आठवेना. माझ्या वहीत हातानं उतरवलेली प्रत होती, पण ती फार जुनी. समितीच्या आदल्या दिवशी तिनं फ्लॉपी माझ्या हातात दिली.

"चालतंय. दोन कॉप्या काढल्यात, दोन्ही तुमच्याच." मग थांबून म्हणाली, "मधल्या तुकड्यात एक सांगायचं होतं, मॅडम."

"नंतर," मी म्हणाले. तिचे आणखी उपकार ऐकायची माझी ताकद नव्हती.

समितीत तीन प्राध्यापक होते. मी सोपी यादी भरून ठेवली होती, शनिवारी अडणार नाही अशी. पण प्राचार्यांना कौतुक आवरेना. त्यांनी कॉलेजची खरी, पूर्ण यादी पुढं केली: "हीच घाला, मॅडम. होऊन जाऊ दे!" यादी भरली. प्रोग्रॅम सोमवार, मंगळवार लावत गेला. शनिवारपाशी आल्यावर थांबला. मी तोंडात शब्द तयार ठेवले, विजेचा दाब कमी आहे म्हणून. ती मागं स्टॅबिलायझरपाशी उभी होती. आकडे परत हलू लागले, आणि वेळापत्रक पूर्ण झालं. कुणीही कुणात अडकलं नव्हतं.

समितीतल्या वयस्क प्राध्यापकांनी चष्मा वर केला. "हे अडलेलं सुटलं कसं? तेवढ्या ओळी दाखवा."

मी ओळी पडद्यावर आणल्या. त्या माझ्या नव्हत्या. तेव्हा प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागायचा. माझ्या ओळींचे नंबर दहा-दहानं वाढायचे. या पाच-पाचनं वाढत होत्या. गेलेल्या तीन तुकड्यांच्या जागी तिनं स्वतःचं लिहिलं होतं. वाचायला मला अर्धं मिनिट लागलं. अडलं की मागं यायचं. शेवटचा ठेवलेला तास उचलायचा, दुसरीकडं ठेवून बघायचा. तरी अडलं तर आणखी एक पाऊल मागं. मी आठ महिने नुसती पुढं ढकलत होते. केलेलं मोडून मागं जावं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"फार सुरेख," ते म्हणाले. "कसं सुचलं तुम्हाला?"

मागं बघायला हवं होतं. नुसती मान वळवली असती तरी पुरलं असतं.

"सुचलं," मी म्हणाले. आणि समजावून सांगू लागले. शिकवण्यात मी चांगली होते. मी ते तिच्यापेक्षा छान समजावलं असेन.

समिती गेल्यावर टीव्हीवर फडकं टाकताना तिनं फक्त विचारलं, "तुम्हाला कळलं ना ते? मला वाटलं, समजवायला लागंल." तिच्या आवाजात राग असता तर मी तो कुठंतरी ठेवून दिला असता. राग नव्हता. मला कळलं याचा तिला खरोखर आनंद झाला होता.

केंद्र मिळालं. मे महिन्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. "जागा एकच आहे, ती तुमची. तिची ऑर्डर पुढं काढायची का? तुम्हाला तिची गरज लागेल का, तेवढं सांगा."

मी म्हणाले, "मी सांभाळीन, सर."

तिची ऑर्डर निघाली नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती बेंगळुरूला गेली, कुठल्याशा कारखान्यात रेडिओच्या सर्किटच्या पाट्या तपासायच्या कामावर. जाण्याआधी मला भेटायला आली आणि नकाशाची वही टेबलावर ठेवली. "तार निघाली तर कुठली कुठं, ते लिवलंय. लई सोपं हाय, मॅडम. तुम्हाला जमंल." ती कायमचीच गेली ती माझ्यामुळं, हे आप्पाला माहीत नव्हतं. तो मला म्हणाला, "पोरगी गेली, खोलीतला उजेड गेला बघा." त्याच्यावरही मी चिडले.

त्याच दुपारी मी दार लावून प्रोग्रॅमची सगळी यादी ओळीनं वाचली. मी तिचं नाव शोधत होते. प्रोग्रॅममध्ये टीप घालायची सोय असते. कुणीही आपलं नाव लिहून ठेवतं. तिनं ठेवलं असेल, लपवून का होईना, अशी मला आशा होती. सापडलं असतं तर मला तिच्यावर मोकळेपणानं रागावता आलं असतं. कुठंही नव्हतं. तिच्या ओळींच्या वर मात्र एक नंबर मोकळा होता. मी तो नंबर टाइप केला, टीप असा शब्द टाइप केला आणि पुढं तिचं पूर्ण नाव लिहिलं. पडद्यावर ते चांगलं दिसत होतं. रिटर्न दाबलं की कायमचं राहिलं असतं.

मी एकेक अक्षर मागं येत ते पुसलं.

पावसाळ्यात पिवळी तार निघाली. वही उघडून, सोल्डरिंग आयर्न तापवून मी तीनदा प्रयत्न केला, बोट भाजून घेतलं आणि झाकण लावून टाकलं. केंद्रात मी बावीस वर्षं काढली. निरोपाच्या समारंभात टाइमटेबलच्या प्रोग्रॅमचा उल्लेख झाला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मी हात जोडले.

आता सगळं कबूल करायला बसले आहे, तर निदान इथं तरी तिचं नाव लिहायला हवं होतं. सुरुवात करताना तेच ठरवलं होतं. दोनदा लिहिलंही.